‘कासव’ आणि गोव्याचा एक पेपर : शांतता कुठून येते?



एरवी या ब्लॉगवर आपण पेपर कसा वाचायचा, सॅम्पल कसं ठरवतात, पी-व्हॅल्यूचा अर्थ काय असल्या गोष्टी बोलतो. आज जरा वेगळं करूया. एक मराठी चित्रपट आणि एक शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवून वाचूया. चित्रपट आहे ‘कासव’. शोधनिबंध आहे गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या एका चाचणीचा. दोघांचा विषय एकच आहे. आतून मोडलेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो?

पेटची तयारी करणारे, नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेले, सिनॉप्सिसवर अडकलेले असे बरेच जण मला लिहितात. प्रश्न असतो रेफरन्स मॅनेजरचा, आणि मेलच्या शेवटी हळूच एक ओळ असते : “ताई, हल्ली झोपच लागत नाही, छातीत धडधडतं, सगळे पुढे गेले आणि मीच मागे राहिलो असं वाटतं.” या ओळीला उत्तर म्हणून “स्वतःवर प्रेम करा” एवढं लिहून पाठवणं मला पटत नाही. म्हणून हा लेख.

एक आधीच सांगते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, मानसशास्त्राची नाही. खालची मतं एका वाचकाची आणि प्रेक्षकाची आहेत, डॉक्टरांची नाहीत.

आधी त्या ४१ टक्क्यांबद्दल

“पीएचडी करणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांना ॲन्झायटी असते” हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. हा आकडा २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये आलेल्या एका सर्वेक्षणातला आहे. २६ देशांतल्या २३४ संस्थांमधल्या २,२७९ जणांनी ती प्रश्नावली भरली. त्यात बहुतेक पीएचडीचे आणि थोडे मास्टर्सचे विद्यार्थी होते. मध्यम ते तीव्र चिंतेच्या पातळीवर ४१ टक्के निघाले. सर्वसाधारण लोकसंख्येसाठी लेखकांनी ६ टक्के हा आकडा तुलनेला घेतला होता.

आता तुम्ही रिसर्चर म्हणून विचारा, ही प्रश्नावली पोचली कशी? ईमेल आणि सोशल मीडियावरून. ती कुणी भरली असेल? ज्याला हा विषय टोचतोय तो लिंक उघडण्याची शक्यता जास्त. जो मजेत आहे तो स्क्रोल करून पुढे जातो. त्यामुळे ‘उत्तर देणाऱ्यांपैकी ४१ टक्के’ हे बरोबर, ‘सगळ्या पीएचडीवाल्यांपैकी ४१ टक्के’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

पण मग प्रश्नच खोटा ठरतो का? नाही. आकडा नेमका किती हे ठाऊक नसलं तरी त्या २,२७९ जणांत शेकडो लोक खरोखर त्रासात होते, हे खरंच आहे. टक्केवारी कमी निघाली म्हणून कुणाची झोप परत येत नाही. तेव्हा ‘किती जणांना’ हा प्रश्न बाजूला ठेवूया आणि ‘बरं वाटतं ते कशानं’ या प्रश्नाकडे वळूया.

‘कासव’ : थोडक्यात

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. निर्मितीमागे डॉ. मोहन आगाशे होते. त्यांना आपण अभिनेते म्हणून ओळखतो, पण ते मूळचे मनोविकारतज्ज्ञ. याच दिग्दर्शक जोडीनं स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’ आणि स्मृतिभ्रंशावर ‘अस्तु’ केला होता. म्हणजे मनाच्या आजाराकडे ही मंडळी चुकून वळलेली नाहीत.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सुमित्राताई आधी समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना प्रश्न पडला की, हा अहवाल त्या बायकांपर्यंत कधी पोचणार? त्यातून १९८५ चा ‘बाई’ हा लघुपट झाला आणि पुढे चित्रपटच त्यांचं काम झालं. संशोधन ज्यांच्यावर होतं त्यांच्यापर्यंत ते परत गेलं पाहिजे, हा आग्रह त्यांच्या चित्रपटांत दिसतो. थीसिस लिहिताना आपल्यापैकी किती जणांना हा प्रश्न पडतो, ते ज्यानं त्यानं बघावं.

गोष्ट अशी. मानव नावाचा तरुण (आलोक राजवाडे) जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचतो, दवाखान्यातून निघून जातो आणि भटकत भटकत आजारी पडतो. जानकी (इरावती हर्षे) कोकणच्या किनाऱ्याकडे निघालेली असते. तिथे दत्ताभाऊ (मोहन आगाशे) समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम करतात. वाटेत तिला हा मुलगा सापडतो. ती त्याला आपल्या घरी आणते. सोबत तिचा ड्रायव्हर (किशोर कदम) आणि रस्त्यावर वाढलेला परशू नावाचा चुणचुणीत पोरगा. जानकी स्वतः अशाच काळोखातून गेलेली आहे. बस्स, एवढंच. पुढचं तुम्ही बघा, शेवट मी सांगत नाही.

जानकी काय करत नाही

या चित्रपटातलं सगळ्यात चांगलं काम न केलेल्या गोष्टींत आहे. जानकी त्या मुलाला नाव-गाव विचारत बसत नाही. “असं का केलंस?” हा प्रश्न तिच्याकडून येत नाही. “तुला काय कमी आहे?” हे आपल्याकडचं हुकमी वाक्य ती वापरत नाही. त्याला जेवायला मिळतं, झोपायला मिळतं आणि गप्प बसायची मुभा मिळते. त्यानं चिडचिड केली तरी घराचं दार बंद होत नाही.

आता आपल्या घरांत काय होतं बघा. पोरगं खोलीतून बाहेर येत नाही म्हटल्यावर आई म्हणते, “टेन्शन घेऊ नको.” वडील म्हणतात, “आमच्या वेळी काय होतं? तरी शिकलोच की!” मित्र म्हणतो, “चल रंकाळ्यावर, मिसळ खाऊ, सगळं ठीक होईल.” तिघांचीही माया खरी असते. पण तिघांच्याही वाक्यांत एक घाई असते : तू लवकर बरा हो, म्हणजे आमच्या जिवाचा घोर जाईल. जानकीच्या वागण्यात ही घाई नाही. ज्यानं स्वतः हे भोगलंय त्याला हे माहीत असतं की, “शांत हो” असं म्हटल्यानं कुणी शांत होत नाही.

चित्रपटाचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. स्वतःशी मऊ वागणं माणूस आधी दुसऱ्याच्या वागण्यातून शिकतो. सतत स्वतःला फटकारत राहणाऱ्याला “स्वतःवर माया कर” असा हुकूम दिला, तर तो त्या हुकमावरही नापास होतो. “बघ, मला तेवढंसुद्धा जमत नाही,” हे वर आणखी एक.

काळाचाही संदर्भ ध्यानात घ्या. हा चित्रपट आला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं आधी गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा न करता काळजी व उपचार द्यायचे, ही भूमिका त्या कायद्यानं घेतली. कायद्याला जे शब्दांत मांडावं लागलं, ते जानकी एका ताटात जेवण वाढून करते.

उपमा कुठपर्यंत चालते?

चित्रपटाचं नावच उपमा आहे. कासव अंग आत ओढून घेतं. गीतेत स्थितप्रज्ञाला हीच उपमा आहे, आणि देवळात शिरताना दगडी कासव आपल्याला लहानपणापासून दिसतं. खचलेला माणूसही आत ओढून घेतो. पण स्थितप्रज्ञ आपल्या इच्छेनं आत जातो आणि इच्छेनं बाहेर येतो. डिप्रेशनमधला माणूस आत अडकलेला असतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. हा फरक दाखवायला चित्रपट वेळ घेतो, ते बरं आहे.

दुसरी उपमा अंड्यांची. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं झाकते आणि समुद्रात परत जाते. ती पिलांना सांभाळायला थांबत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिलं स्वतः बाहेर येतात आणि पाण्याकडे चालत जातात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला जे संवर्धन सुरू झालं, त्यात माणसं घरट्याची राखण करतात. कुत्र्या-कोल्ह्यांपासून अंडी वाचवायला कुंपणाच्या आत ठेवतात. पिलं बाहेर आली की किनाऱ्यावर सोडतात, पण समुद्रापर्यंतचं अंतर पिलांनाच चालू देतात.

उपचाराला ही उपमा फार नेमकी लागू पडते. राखण करायची, पण चालायचं त्याचं त्यानं.

पण इथेच मला अडचण वाटते. पिलू पाण्यात गेलं की राखणदाराचं काम संपतं. पुढे कोण जगलं, कोण नाही, हे कुणी बघत नाही, आणि बहुतेक पिलं मोठी होत नाहीत हे निसर्गाचं गणितच आहे. माणसाच्या बाबतीत हे चालत नाही. तिथे ‘फॉलो-अप’ हा उपचाराचाच भाग असतो. बरं वाटायला लागल्यानंतर पुन्हा घसरण झाली तर कुणाकडे जायचं, हे आधी ठरवावं लागतं. उपमा सुंदर आहे म्हणून ती शेवटपर्यंत ताणायची नाही, हे कवितेला लागू आहे आणि सिनॉप्सिसमधल्या कन्सेप्च्युअल फ्रेमवर्कलाही.

आता गोव्याचा पेपर

विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी गोव्यातल्या ‘संगात’ या संस्थेतर्फे बरीच वर्षं एका प्रश्नावर काम करतायत. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मोजके, लोक प्रचंड. मग बोलून करायचे उपचार सामान्य माणसाला शिकवून देता येतील का? यावरची एक मोठी चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. उपचाराचं नाव ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’, छापील वर्ष २०१७. योगायोग म्हणजे ‘कासव’ही त्याच वर्षी पडद्यावर आला.

आपल्या पद्धतीनं मुद्दे काढूया.

लोक कोण? गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले ४९५ प्रौढ. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, म्हणजे एकूण २७. ज्यांचा स्कोअर १४ च्या वर, म्हणजे डिप्रेशन बऱ्यापैकी तीव्र, त्यांनाच घेतलं.

तुलना कशाशी? एका गटाला नेहमीचा उपचार, तोही थोडा सुधारून : तपासणीचा निकाल डॉक्टरांना कळवलेला आणि काय करावं याच्या सूचना दिलेल्या. दुसऱ्या गटाला तेच, अधिक समुपदेशन. कोण कुठल्या गटात जाणार हे यादृच्छिक, म्हणजे रँडम ठरलं.

समुपदेशक कोण? स्थानिक माणसं. मानसोपचाराचं आधीचं कुठलंही शिक्षण नसलेली. त्यांना प्रशिक्षण दिलं, आणि पुढे त्यांच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून सहकारीच एकमेकांना गुण देत, सुधारत.

केलं काय? ६ ते ८ भेटी, प्रत्येक भेट साधारण ३० ते ४० मिनिटं, केंद्रात किंवा घरी. मुख्य भाग ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’. म्हणजे मन लागेपर्यंत थांबायचं नाही. दिवसात छोट्या, ठरवून घेतलेल्या कृती करायच्या, त्यांची नोंद ठेवायची आणि कुठल्या कृतीनंतर मन कसं झालं ते बघायचं. जोडीला अडचणींवर एकेक करून तोडगा काढणं आणि घरच्यांना सोबत घेणं.

निकाल? तीन महिन्यांनी ज्यांचा स्कोअर १० च्या खाली आला असे लोक समुपदेशन गटात ६४ टक्के, दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षभरानं पुन्हा मोजलं तेव्हाही फायदा टिकून होता.

आता पेनानं एक छोटं गणित करा. ६४ वजा ३९ म्हणजे २५. शंभराला पंचवीसनं भागलं की चार. म्हणजे चार जणांना हे समुपदेशन दिलं, तर नेहमीच्या उपचारापेक्षा एक माणूस जास्त बरा होतो. याला ‘नंबर नीडेड टू ट्रीट’ म्हणतात. मुलाखतीत विचारतात, लक्षात ठेवा.

चित्रपटात जे नाही, ते पेपरात आहे

त्या ३९ टक्क्यांकडे पुन्हा बघा. हे लोक समुपदेशन न घेता बरे झाले. म्हणजे काही माणसं काळानं, घरच्या आधारानं, साध्या औषधोपचारानं सावरतात. म्हणून “मी अमुक केलं आणि माझी ॲन्झायटी गेली” ही एकाची गोष्ट पुरावा ठरत नाही. ते न करताही ती गेली असती का, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

‘कासव’मध्ये मानव एकच आहे. जानकी न भेटलेला दुसरा मानव चित्रपटात नाही. म्हणजे कंट्रोल गट नाही. ही चित्रपटाची चूक नव्हे, कथेचा तो स्वभावच आहे. पण प्रेक्षक म्हणून आपण घरी काय घेऊन जातो ते तपासलं पाहिजे. हा चित्रपट आवडलेल्या मैत्रिणींशी बोलताना मी एक वाक्य वारंवार ऐकलं : “प्रत्येकाला एक जानकी मिळायला पाहिजे.”

या वाक्याशी माझं भांडण आहे. आणि त्याची थोडी जबाबदारी मी चित्रपटावरही टाकते.

जानकीकडे काय काय आहे ते मोजा. गाडी आहे. ड्रायव्हर आहे. समुद्राजवळचं घर आहे. रिकामा वेळ आहे. आणि इरावती हर्षेंनी ती इतक्या संयमानं उभी केली आहे की तिचं वागणं हा तिचा स्वभावच वाटतो. धनंजय कुलकर्णींच्या कॅमेऱ्यातला किनारा शांत, प्रकाश मऊ. चित्रपटाचा बहुतेक वेळ या घरात आणि वाळूत जातो, उपचाराच्या खोलीत फार कमी. त्यातून नकळत असा समज होतो की, शांतता म्हणजे कुठल्यातरी दुर्मीळ, भल्या बाईच्या अंगणात मिळणारी वस्तू. नशीब असेल तर भेटेल.

हॉस्टेलच्या तिघांच्या खोलीत राहणाऱ्या, फेलोशिपचे पैसे कधी येतील याचा हिशोब करणाऱ्या, शनिवारी एसटीनं गावी जाणाऱ्या पोरानं या चित्रपटातून काय घ्यायचं? त्याच्या वाटेत कुठली गाडी थांबणार?

गोव्याचा पेपर नेमकं याचं उत्तर देतो. जानकी जे करते त्यातला बराच भाग शिकवता येतो. घाई न करणं, ऐकणं, दोषारोप न करणं, पण त्याचबरोबर छोटी कृती ठरवून देणं आणि पुढच्या भेटीला तिची चौकशी करणं. हे प्रशिक्षणानं येतं आणि रेकॉर्डिंग ऐकून सुधारतं. त्याला समुद्रकिनारा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचं बाकडं पुरतं.

चित्रपटाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. परशूकडे यातलं काहीच नाही, ना गाडी ना घर, आणि तरीही मानवला हसवायचं काम तोच करतो. माया श्रीमंतीवर अवलंबून नाही हे दिग्दर्शकांना माहीत आहे. मला हवं होतं ते एवढंच की, जानकी स्वतः कशी बरी झाली, कुणाकडे बसली, काय शिकली, याला थोडी जास्त जागा मिळावी. तिचं आजचं शांत असणं ही कुणाच्या तरी सोबतीनं केलेली मेहनत आहे. ती मेहनत ठळक दिसली असती, तर ती स्वभावानंच देवमाणूस आहे असं वाटलं नसतं.

पेपरात जे नाही, ते चित्रपटात आहे

आता पेपरालाही सोडायचं नाही.

पहिली गोष्ट. समुपदेशन गटाला कुणाचा तरी सहा-आठ वेळा अर्धा-पाऊण तास मिळाला. दुसऱ्या गटाला तेवढा वेळ कुणी दिला नाही. मग फायदा तंत्राचा की सोबतीचा? या रचनेतून ते पूर्ण वेगळं करता येत नाही. नंतरच्या विश्लेषणात ‘कृती वाढली म्हणून बरं वाटलं’ हा मार्ग परिणामाचा काही हिस्सा समजावतो असं दिसलं. उरलेला हिस्सा? तिथे कदाचित तेच असेल जे जानकी करते. आकड्यांत ते पकडायला आपल्याकडे अजून चांगलं साधन नाही.

दुसरी गोष्ट. ही चाचणी डिप्रेशनवरची आहे. ॲन्झायटीही ज्यात धरली होती अशी याच गटाची ‘मानस’ ही आधीची चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. २४ ठिकाणी ती झाली, १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. फायदा सरकारी केंद्रांत दिसला, खासगीत दिसला नाही. कारण खासगीकडे जाणारे रुग्ण तुलनेच्या गटातही बऱ्याच प्रमाणात बरे होत होते. म्हणजे एकच उपचार कुठे दिला यावर निकाल बदलला. कुणी तुम्हाला “थेरपी काम करते का?” असं विचारलं, तर उलट विचारा, “कुठली, कुणाला, कुठे, आणि कशाच्या तुलनेत?”

तिसरी गोष्ट. तीन महिन्यांच्या, वर्षाच्या मोजमापात माणसाचा चेहरा नसतो. ६४ टक्क्यांच्या पलीकडे ३६ टक्के आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याची संध्याकाळ कशी जाते हे तक्ता सांगत नाही. मानवचं भिंतीकडे तोंड करून पडून राहणं तक्त्यात मावत नाही. त्यासाठी चित्रपट लागतो.

‘स्वतःवरची माया’ मोजायची कशी?

इंग्रजीत ज्याला ‘सेल्फ-कंपॅशन’ म्हणतात त्यावर गेल्या वीस वर्षांत शोधनिबंधांचा पाऊस पडलाय. मराठीत कुणी ‘आत्मकरुणा’ म्हणतं. मला ‘स्वतःवरची माया’ जवळचं वाटतं. ‘स्वतःची कीव’ मात्र वेगळी. कीव करणारा म्हणतो, “माझ्यावरच अशी वेळ का?” माया करणारा म्हणतो, “अशी वेळ माणसांवर येते, आज माझ्यावर आलीये.” लाडही वेगळे. लाडात सिनॉप्सिस उद्यावर जातो. मायेत आज एक परिच्छेद लिहून जेवायला उठता येतं.

क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये ही माया मोजायला २६ विधानांची एक मापनश्रेणी केली. त्यात तीन जोड्या आहेत : स्वतःशी प्रेमानं वागणं विरुद्ध स्वतःला फटकारणं, सगळ्यांचंच असं होतं ही जाणीव विरुद्ध एकटेपणा, सजगपणे बघणं विरुद्ध त्या भावनेत वाहून जाणं. म्हणजे निम्मी विधानं मायेची आणि निम्मी तिच्या उलटची. उलटची विधानं उलटे गुण देऊन एकत्र मिळवतात.

आता प्रयोगशाळेतल्या माणसाला इथे शंका आली पाहिजे. ‘मी स्वतःला फटकारतो, एकटा पडतो, विचारांत वाहून जातो’ हे जवळजवळ चिंता आणि नैराश्याचंच वर्णन झालं. मग ‘माया जास्त तर ॲन्झायटी कमी’ असं निघालं, तर त्यातला किती भाग एकच गोष्ट दोन नावांनी मोजल्यामुळे आला? म्युरिस आणि पेट्रोकी यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हेच दाखवलं की, उलटच्या भागांचा त्रासाशी संबंध जास्त घट्ट आहे आणि मायेच्या भागांचा त्यामानानं सैल. नेफ आणि त्यांचे सहकारी एकूण गुण वापरणं योग्यच आहे असं मांडतात. वाद चालू आहे. तुमच्यापैकी कुणी मानसशास्त्रात किंवा शिक्षणशास्त्रात ही श्रेणी मराठीत आणून पीएचडी करायचं म्हणत असेल, तर एकूण स्कोअर देऊन थांबू नका. सहाही भाग वेगळे मांडा. व्हायव्हात हा प्रश्न येणारच.

आणि रोजच्या जगण्यासाठी याचा अर्थ माझ्या मते असा. आरशासमोर उभं राहून स्वतःला गोड बोलणं जमलं नाही तर चालेल. आधी फटकारणं थोडं कमी झालं, एकटेपणा थोडा कमी झाला, तरी पुष्कळ.

मग तुम्ही काय घ्यायचं?

मी स्वतः गेलं वर्षभर एका समुपदेशकाकडे जाते. तिथे पहिल्या काही भेटींत मला कुठलाही दिव्य साक्षात्कार झाला नाही. एक कोरा कागद मिळाला, आठवड्याचे सात रकाने आखलेला. रोज एक छोटी गोष्ट लिहायची आणि ती झाल्यावर मन कसं होतं ते दहापैकी किती असं लिहायचं. गोव्याचा पेपर वाचताना मला तो कागद ओळखीचा वाटला. विशेष काही नसलेली ही वही हळूहळू काम करते, एवढं माझ्यापुरतं सांगू शकते. पण वर लिहिलंय तेच पुन्हा, एकीची गोष्ट पुरावा नसते.

तेव्हा तुमच्यासाठी तीन गोष्टी.

एक, जानकी भेटायची वाट बघू नका. झोप, भूक, अभ्यास यांवर दोन आठवड्यांहून जास्त काळ परिणाम होत असेल तर स्वतःहून जा. विद्यापीठात किंवा कॉलेजात समुपदेशन कक्ष असेल तर तिथून सुरुवात करा. कोल्हापुरात सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा, आणि जवळच्या एका तरी माणसाला सांगा.

दोन, दुसऱ्याची जानकी व्हायला मोठं काही लागत नाही. रूममेट गप्प झाला तर “काय झालं?” असं दहा वेळा विचारण्याऐवजी त्याचं ताट वाढा, शेजारी बसा, आणि “चल, दवाखान्यात मी येतो सोबत” एवढं म्हणा. उपचार तुम्ही करायचे नाहीत. राखण करायची.

तीन, ‘कासव’ बघा, आणि बघून झाल्यावर तो पेपरही वाचा. चित्रपट बघताना विचारा, यातलं शिकवता येण्यासारखं काय आहे? पेपर वाचताना विचारा, यात माणूस कुठे आहे? हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली तर तुमचा लिटरेचर रिव्ह्यूसुद्धा सुधारेल.

काही शंका असतील तर लिहा. पुढच्या लेखात प्रश्नावलीचं मराठीकरण कसं करतात, बॅक-ट्रान्सलेशन म्हणजे काय, ते बघूया.